स्वस्त स्मार्टफोनची पहिली ओळख : आठवडाभरात काय दिसते, काय दडून राहते

चतुर्थी आणि दिवाळीच्या तोंडावर मोबाइल विक्रीच्या दुकानांत गर्दी वाढते, तेव्हा काउंटरवर सर्वाधिक हाताळले जातात ते आठ ते बारा हजार रुपयांच्या टप्प्यातील फोन. खोक्यातून बाहेर काढलेला असा फोन पाहताक्षणी कोणालाही आवडतो. मोठा पडदा, चकाकणारी पाठ, कॅमेऱ्याची ऐसपैस वर्तुळे आणि दिवसभर पुरणारी बॅटरी यांमुळे पहिल्या चार-पाच दिवसांत ग्राहकाचे मत पक्के होते: एवढ्या पैशांत एवढे मिळत असेल, तर तिप्पट किंमत मोजायची कशाला? हे मत सर्वस्वी चुकीचे नसते. पण ते ज्या गोष्टींवर बेतलेले असते, त्या फोनच्या आयुष्यात सर्वांत कमी महत्त्वाच्या ठरतात. खरी काटकसर जिथे केलेली असते, तो भाग पहिल्या आठवड्यात डोळ्यांना दिसतच नाही.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दरवर्षी फोन बदलणाऱ्याची खरेदी चुकली, तरी त्याचे फारसे अडत नाही. स्वस्त फोन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. मासळी विकणाऱ्या महिलेचे दिवसाचे पैसे त्याच फोनवर जमा होतात, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची किंवा गृह आधारची रक्कम बँकेत आल्याचा संदेश त्यावरच येतो, मुलांचा अभ्यास, शाळेच्या सूचना, आधारचा ओटीपी आणि परगावी नोकरीला असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, हे सारे त्या एकाच यंत्रावर अवलंबून असते. असा फोन वर्षभरात रखडू लागला, तर दुसरा घेण्याइतके पैसे हाताशी नसतात. म्हणूनच स्वस्त फोनची पहिली पारख महागड्या फोनपेक्षा अधिक काटेकोर असायला हवी.

किंमत कमी कशी होते?

भारतात स्वस्त, पण कामाच्या स्मार्टफोनची लाट २०१४ मध्ये आली. त्या वर्षीच्या मे महिन्यात मोटो ई ६,९९९ रुपयांना बाजारात आला. सप्टेंबरमध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांना बरोबर घेऊन अँड्रॉइड वन योजनेतील पहिले फोन आणले. त्यांत १ जीबी रॅम आणि ४ जीबी साठवण होती. आजच्या दहा हजारांच्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट सामग्री असते. मात्र ॲप्सची भूकही तितकीच वाढलेली आहे.

दहा हजारांतील सर्व रक्कम फोनच्या सुट्या भागांवर खर्च होत नाही. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी लागू आहे. म्हणजे दहा हजारांच्या बिलातील सुमारे १,५२५ रुपये कराचे असतात. विक्रेत्याचे कमिशन, वाहतूक आणि जाहिरात यांचा खर्च त्यानंतर वजा होतो. उरलेल्या रकमेत पडदा, चिप, बॅटरी, कॅमेरा आणि साठवण बसवायची म्हटल्यावर उत्पादकाला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठे आखडायचा, याचे गणित सरळ आहे. दुकानाच्या काउंटरवर जे दिसते, त्यावर आधी खर्च. जे सहा महिन्यांनी जाणवते, त्यावर नंतर.

पडदा मोठा, बारकावा कमी

या किमतीतील बहुतेक फोनचा पडदा साडेसहा इंचांहून मोठा असतो. पण त्यावरील ठिपक्यांची संख्या अनेकदा ७२० गुणिले १,६०० एवढीच असते. ६.७ इंचांच्या पडद्यावर याचा अर्थ दर इंचाला साधारण २६० ठिपके. छायाचित्रे आणि चित्रफिती पाहताना हे खटकत नाही. मात्र बारीक अक्षरांतील देवनागरी मजकूर वाचताना जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार किंचित धूसर दिसतात. चाळिशी लागलेल्या वाचकाला ते लगेच जाणवते.

९० किंवा १२० हर्ट्झचा आकडा आता स्वस्त फोनच्या खोक्यावरही ठळकपणे छापलेला असतो. पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने रेखाटला जातो, हे तो आकडा सांगतो. त्यामुळे बोटाने सरकवलेले पान अधिक सलग फिरते. परंतु तेवढ्या वेगाने चित्र तयार करून देण्याची ताकद आतील चिपमध्ये नसेल, तर पडद्याच्या तयारीचा उपयोग होत नाही आणि पान मध्येच अडखळते.

पडद्याची खरी परीक्षा दुकानातील दिव्याखाली होत नाही, ती उन्हात होते. पडद्याचा उजेड ‘निट्स’ या एककात मोजतात आणि स्वस्त फोनमध्ये तो बेताचाच असतो. भर दुपारी रस्त्यावर उभे राहून क्यूआर कोड स्कॅन करता येतो का, आलेल्या रकमेचा आकडा वाचता येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याला १२० हर्ट्झपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोलाची आहे.

ओटा, कोठी आणि फेरीबोट

सहा महिन्यांनंतर फोन मंदावतो, तेव्हा ‘व्हायरस शिरला’ असा निष्कर्ष बहुधा काढला जातो. खरे कारण बहुतेकदा रॅम आणि साठवण या दोन भागांत असते. त्यांतील फरक स्वयंपाकघराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. रॅम म्हणजे ओटा आणि साठवण म्हणजे कोठीची खोली. जे काम चालू आहे, त्याची भांडी ओट्यावर मांडलेली असतात. ओटा लहान असेल, तर नवे भांडे ठेवण्यासाठी जुने उचलावे लागते. बँकेचे ॲप उघडे ठेवून ओटीपी पाहायला संदेशांत गेल्यावर बँकेचे ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ते याच कारणाने. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये हा अनुभव वारंवार येतो.

खोक्यावर ‘४ + ४ जीबी’ असे लिहिलेले असेल, तर दुसरे चार खरे रॅम नसतात. कोठीतील एक फडताळ मोकळे करून त्यालाच ओटा म्हणण्याचा तो प्रकार आहे. साठवणीचा काही भाग रॅमसारखा वापरला जातो. पण तिथपर्यंत जाऊन वस्तू आणायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. त्यामुळे अशी बेरीज करून फोनची किंमत ठरवू नये.

साठवणीच्या बाबतीत ग्राहक ६४ की १२८ जीबी एवढेच विचारतो. प्रकार कोणता, हे क्वचितच विचारले जाते. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी आणि यूएफएस असे दोन प्रकार आढळतात. गोमंतकीय वाचकाला त्यांतील भेद सहज समजेल. ईएमएमसी ही रायबंदर-चोडण फेरीबोटीसारखी आहे. ती एका वेळी एकाच दिशेने जाते. अलीकडची वाहने पोहोचवल्याशिवाय पलीकडची आणता येत नाहीत. यूएफएस हा मांडवीवरच्या पुलासारखा आहे; माहितीचे वाचन आणि लेखन ही दोन्ही कामे त्यावरून एकाच वेळी होऊ शकतात. वाचनाच्या वेगातही मोठा फरक असतो. ईएमएमसीचा वेग सेकंदाला २५० एमबीच्या आसपास असतो, यूएफएसच्या २.२ या आवृत्तीचा वेग त्याच्या तिप्पट-चौपट भरू शकतो.

नव्या फोनमध्ये हा फरक जाणवत नाही, कारण धक्क्यावर रांगच नसते. पुढे शुभप्रभातच्या संदेशांतील चित्रे, लग्नाच्या चित्रफिती आणि ॲप्सची अपडेट्स साचत जातात. साठवण भरत आली, की नवी माहिती लिहिण्यासाठी आतील चिपला आधी जुनी आवराआवर करावी लागते आणि फोन प्रत्येक स्पर्शाला क्षणभर थांबू लागतो. शिवाय ६४ जीबीपैकी मोठा भाग प्रणालीने आणि आधीच भरलेल्या ॲप्सनी पहिल्याच दिवशी व्यापलेला असतो. सेटिंगमधील ‘स्टोरेज’ हे पान उघडून प्रत्यक्ष मोकळी जागा किती आहे, ते पाहावे. दोन फोनमध्ये निवड करायची वेळ आली, तर कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा १२८ जीबी आणि यूएफएस यांना झुकते माप देणे शहाणपणाचे ठरते.

पन्नास मेगापिक्सेलचे वास्तव

पाठीमागची दोन-तीन वर्तुळे पाहून कॅमेरे बरेच असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात उपयोगाचा कॅमेरा बहुधा एकच असतो. दुसरा अनेकदा अवघ्या दोन मेगापिक्सेलचा किंवा त्याहूनही कमी क्षमतेचा असतो, तर काही वर्तुळे निव्वळ शोभेची असतात. पन्नास मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेराही नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो. यात फसवणूक नाही. लहान ठिपक्यांवर पडणारा अपुरा प्रकाश एकत्र करण्याची ती योग्य पद्धत आहे. मात्र चित्राचा दर्जा सेन्सरचा आकार, भिंग आणि चिपचे संस्करण यांवर ठरतो, केवळ आकड्यावर नव्हे.

भरपूर उजेडात स्वस्त फोनही चांगली छायाचित्रे टिपतो आणि पहिल्या दिवशी ग्राहक अंगणातच छायाचित्र काढून पाहतो. पारख करायची, तर संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात आधार कार्डाचे किंवा सातवीच्या प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून अक्षरे वाचता येतात का, ते पाहावे. सामान्य कुटुंबात कॅमेऱ्याचा खरा उपयोग अर्जाला जोडायच्या कागदपत्रांसाठीच अधिक होतो.

बॅटरी : काटकसरीचा फायदा

बॅटरीच्या बाबतीत स्वस्त फोनने मिळवलेली वाहवा खरी आहे. ५,००० एमएएचची बॅटरी आता सर्रास मिळते. त्यातच कमी ठिपक्यांचा पडदा आणि मध्यम ताकदीची चिप यांना वीज कमी लागते. म्हणजे अन्यत्र केलेली काटकसर इथे उपयोगी पडते. किंमत मोजावी लागते ती चार्जिंगच्या वेळेत. दहा वॅटच्या चार्जरने एवढी बॅटरी पूर्ण भरायला अडीच ते तीन तास लागतात. फोन अठरा किंवा पंचवीस वॅटने चार्ज होत असला, तरी खोक्यात तेवढ्या ताकदीचा चार्जर असेलच असे नाही. कधी कधी चार्जर नसतोच. पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावांत हा फरक लहान नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. खोक्यावरील ‘आयपी ५२’ किंवा ‘आयपी ५४’ या खुणेचा अर्थ फोन थेंबांपासून आणि तुषारांपासून काही अंशी सुरक्षित आहे, एवढाच होतो. मिरगाच्या सरींत भिजणे किंवा पाण्यात पडणे त्यात येत नाही.

दाराच्या आत नेटवर्क आहे का?

देशात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला आणि आता स्वस्त फोनवरही ‘५जी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु ही सेवा पुरवण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत ५जीचे जाळे स्वतंत्रपणे चालते. दुसरीत ते ४जीच्या आधाराने चालते. जिओने पहिली पद्धत स्वीकारली, तर एअरटेलने आपली सेवा दुसऱ्या पद्धतीने सुरू केली. काही अतिस्वस्त ५जी फोन यांपैकी स्वतंत्र पद्धतीलाच साथ देतात. असा फोन घेणाऱ्याचे सिम दुसऱ्या प्रकारचे असेल, तर खोक्यावर ५जी असूनही पडद्यावर ४जीच दिसत राहते. खरेदीपूर्वी ‘एसए’ आणि ‘एनएसए’ या दोन्हींचा उल्लेख आहे का, हे विचारून घ्यावे.

फोन किती फ्रीक्वेन्सी पट्टे पकडू शकतो, हाही मुद्दा आहे. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यांतील लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून अधिक चांगल्या आरपार होतात. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या डोंगराळ भागात आणि चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत हे पट्टे उपयोगी पडतात. गोवा महाराष्ट्राच्या दूरसंचार परिमंडळात येतो, तर बेळगाव कर्नाटकाच्या. त्यामुळे सीमाभागात ये-जा करणाऱ्याने दोन्हीकडे फोन वापरून पाहावा. दुकानात दिसलेल्या नेटवर्कच्या उभ्या रेघांवर विश्वास न ठेवता स्वतःच्या घरातील सर्वांत आतल्या खोलीतून दोन्ही सिमवरून कॉल करून पाहणे, हीच खात्रीची कसोटी होय.

जाहिराती आणि अपडेट

फोन पहिल्यांदा सुरू करताना एकामागून एक परवानग्यांची पाने येतात आणि नवा ग्राहक घाईघाईने प्रत्येकावर ‘सहमत’ म्हणत पुढे जातो. त्यानंतर कुलूपबंद पडद्यावर बातम्या आणि जाहिराती झळकू लागतात, न मागितलेले खेळ दिसतात आणि सूचनांचा मारा सुरू होतो. या मागेही अर्थकारण आहे. स्वस्त फोनवरील नफा अत्यल्प असतो. शाओमीने तर २०१८ मध्ये उपकरणांवरील आपला निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, असे जाहीर केले होते. उरलेली कमाई ॲप्स, जाहिराती आणि सेवांतून करायची, ही या धंद्याची रीतच आहे. फोनच्या किमतीचा काही हिस्सा ग्राहक अशा रीतीने आपल्या लक्षाच्या रूपाने फेडत असतो.

यावर उपाय आहे. अनावश्यक ॲप्स काढून टाकावीत. जी काढता येत नाहीत, ती सेटिंगमध्ये जाऊन निष्क्रिय करावीत. जाहिरातींच्या शिफारशी आणि कुलूपबंद पडद्यावरील मजकूर बंद करावा. अर्ध्या तासाच्या या कामाने फोन शांत होतो आणि काहीसा वेगवानही. घरातील जाणत्या मुलाने आजी-आजोबांच्या फोनवर हे काम आधीच करून द्यावे. कारण जाहिरात कोणती आणि बँकेचा संदेश कोणता, हे ओळखण्यात गफलत झाली, तर तिची किंमत मोठी असते.

सर्वांत दुर्लक्षित बाब सुरक्षा अपडेटची. अँड्रॉइडमधील उघडकीस आलेल्या त्रुटी आणि त्यांवरील उपाय गुगल २०१५ पासून दर महिन्याला प्रसिद्ध करते. ते ग्राहकाच्या फोनपर्यंत पोहोचवणे हे उत्पादकाचे काम असते आणि स्वस्त फोनच्या बाबतीत ते अनेकदा उशिरा होते. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते. नव्या फोनमध्येच ती सात-आठ महिने जुनी असेल, तर पुढे काय होणार, याचा अंदाज तेव्हाच येतो. अपडेट थांबलेला फोन एकाएकी बंद पडत नाही; पण एकेक सेवा त्याची साथ सोडत जाते. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झाले, हे त्याचे परिचित उदाहरण आहे. किती वर्षे अपडेट मिळणार, हा प्रश्न म्हणूनच मेगापिक्सेलच्या आधी विचारायला हवा.

मराठी नीट चालते का?

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा, यासाठी आयएस १६३३३ हे मानक आहे. त्यामुळे मराठी आणि कोंकणी अक्षरे दिसण्याची अडचण आता उरलेली नाही. अडचण येते ती वापरात. फोनची भाषा मराठी केल्यावर काही पाने इंग्रजीतच राहतात आणि अक्षरे मोठी केली, की बटणांवरील शब्द अर्धे कापले जातात. देवनागरी कळफलक सुरू करून एक परिच्छेद टंकित करावा. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला विलंब होत असेल, तर रॅम आणि चिप यांची मर्यादा तिथेच कळते. बोलून टंकन करण्याची सोयही तपासून पाहावी. लिहिण्याचा सराव नसलेल्या ज्येष्ठांना ती फार उपयोगी पडते.

सात दिवसांची परीक्षा

बहुतेक ऑनलाइन विक्री-संकेतस्थळांवर मोबाइल बदलून देण्याची मुदत साधारण सात दिवसांचीच असते आणि तीही बहुधा सदोष फोनपुरती. दुकानांतून घेतलेल्या फोनबाबत ती अनेकदा नसतेच. म्हणून पहिला आठवडा कौतुकात न घालवता तपासणीत घालवावा. ‘*#०६#’ दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरील आणि बिलावरील क्रमांकाशी जुळवावा. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून एक जागा सोडावी आणि तो क्रमांक १४४२२ या क्रमांकावर पाठवावा. फोनची नोंद खरी आहे की नाही, ते कळते. नकाशाचे ॲप उघडून जागच्या जागी वळावे. दिशा दाखवणारी खूण वळली नाही, तर फोनमध्ये होकायंत्र नाही, असे समजावे. अनोळखी गावी पत्ता शोधताना याचा त्रास होतो. त्यानंतर नेहमी लागणारी सर्व ॲप्स पहिल्याच दिवशी भरावीत आणि जुन्या फोनमधील छायाचित्रे आणावीत. रिकाम्या फोनचा वेग हा खरा वेग नव्हे. भरलेल्या फोनचा वेगच पुढे सोबत राहणार असतो. दोष आढळल्यास आणि विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्के बिल जपून ठेवावे.

स्वस्त फोन म्हणजे टाकाऊ फोन, असा याचा अर्थ नाही. दहा हजारांचा नीट निवडलेला फोन तीन वर्षे इमाने चाकरी करू शकतो आणि घाईने घेतलेला पंधरा हजारांचाही वर्षभरात डोकेदुखी ठरू शकतो. फरक पडतो तो विचारलेल्या प्रश्नांमुळे. साठवण कोणत्या प्रकारची, खरे रॅम किती, अपडेट किती वर्षे, ५जी कोणत्या पद्धतीचे, हे चार प्रश्न काउंटरवर विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. विक्रेत्याला त्यांची उत्तरे देता आली नाहीत, तर तो फोन तूर्त खोक्यातच राहू द्यावा.